आठव्या डावातला लाडू

चाळीस माणसांसमोर प्रसन्नने माझ्या नातीला 'कोणी नाही' म्हटलं. मागे नाही, तोंडावर. तेही इंग्रजीत. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण दुबईत एकतीस वर्षं खानावळ चालवल्यावर 'नोबडी' म्हणजे काय एवढं मलाही कळतं. हातात झारा होता. पाठीत घातला नाही, कारण झारा तेलाचा होता आणि त्याचा शर्ट नवा होता.

पण गोष्ट इथूनच सांगितली तर तो पोरगा फुकट वाईट ठरेल. शिवाय त्यात माझंही थोडं आहे, तेही सांगायला हवं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझी खानावळ दुबईतल्याच अल मनखूल भागात. दोन हिवाळ्यांपूर्वी आमचे जुने गिऱ्हाईक बापू, बांधकामाची कंत्राटं घेतात ते, मला म्हणाले, काकी, शहराबाहेर बेसबॉलचं मैदान झालंय, दर शनिवारी दुपारी मॅच असते, तुम्ही स्टॉल लावा. मी विचारलं, हा कुठला खेळ. ते म्हणाले, विटीदांडूचा अमेरिकेला गेलेला चुलतभाऊ. लावला स्टॉल. मिसळ, वडापाव आणि बेसनाचे लाडू. आपल्या संघाचं नाव क्रीक हेरॉन्स, म्हणजे खाडीचे बगळे. पांढरे कपडे, लांब पाय आणि बराच वेळ नुसते उभे. नाव ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलं होतं.

माझी नात पर्णिका तेव्हा चोवीस वर्षांची. माझ्या सुदेशची मुलगी. सुदेश आणि सून शारजाला राहतात, ही माझ्याकडे, कारण तिचा दातांचा दवाखाना माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत. आठवडाभर लोकांचे दात साफ करते आणि शनिवारी माझ्या लाडवांनी पुन्हा खराब करायला मदत करते, असं तीच म्हणते.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारची गोष्ट. कोणीतरी चेंडू मारला, तो वाकडा उडाला, लोकांच्या डोक्यांवरून आला आणि मिसळीच्या कटाच्या पातेल्यात पडला. धपकन. पर्णिकाच्या पांढऱ्या ओढणीवर लाल नक्षी. ती अजून बघतेच आहे, तोवर एक मुलगा धापा टाकत आला. उंच, सावळा, कपाळावर घाम, आणि डोळे असे की आधी चेंडू शोधत होते, मग शोधायचे थांबले.

"चेंडू... इकडे आला का?"

"मिसळीत आहे."

"द्या ना, प्लीज."

"आधी माफी मागा."

"मी कुठे मारला?"

"ज्याने मारला त्याला मराठी येत नाही."

तो हसला. मी त्याला वडा तळता तळता बघत होते. हसणं बरं होतं. मग त्याने नियम सांगितला, की बाहेर उडालेला चेंडू ज्याच्या हाताला लागेल त्याचा, तो कोणी परत मागत नाही. पर्णिकाने पळीने चेंडू काढला, ओढणीलाच पुसला – तसंही तिचं आता काही राहिलं नव्हतं – आणि म्हणाली, "मग हा माझा झाला की." बिचारा स्वतःच्याच नियमात अडकला. त्याच पातेल्यातली मिसळ मागून घेतली आणि मॅच संपेपर्यंत स्टॉलच्या कडेला उभा राहिला. जाताना विचारलं, चेंडू कधी देणार? ती म्हणाली, मॅच संपल्यावर. तो म्हणाला, ही संपली. ती म्हणाली, ही नाही.

हा प्रसन्न. चिपळूणचा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजमध्ये बसगाड्यांचे एसी दुरुस्त करायचा आणि अजमानला एका खोलीत सहा जणांत राहायचा. बगळ्यांच्या बसचा एसी त्याच्याकडे यायचा, म्हणून मॅचचा पास मिळायचा आणि म्हणून हा खेळ त्याला येत होता. पुढच्या शनिवारी आला. त्याच्या पुढच्याही आला. दर वेळी चेंडू मागायचा, दर वेळी ती द्यायची नाही, आणि चेंडू दिला असता तर दोघांचंही तोंड पडलं असतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आता लाडवाचं सांगते. बेसबॉलमध्ये नऊ डाव. चेंडू टाकणारा पहिला माणूस सहा-सात डावांत थकतो. मग उरलेले डाव सांभाळायला दुसरा आणतात. आमच्या बगळ्यांचा तो दुसरा म्हणजे बेचाळीस वर्षांचा, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरचा ऑक्टाव्हियो. पिकलेली दाढी, थोडं पोट, चालणं असं की बाजारातून पिशवी घेऊन निघालाय. आम्ही त्याला आबा म्हणायचो. सामना हातातून निसटायला लागला की आबा यायचे, टोपी नीट करायचे, आणि समोरची धटिंगण पोरं हवेत दांडे फिरवून परत जायची.

एकदा आठव्या डावात आबा मैदानात आले आणि माझ्या बरणीत एकच लाडू उरला होता. पर्णिका म्हणे तिचा, प्रसन्न म्हणे त्याने आधी सांगितला होता. मी तो मधोमध मोडला आणि दोघांना दिला. तिने आपला अर्धा लगेच खाल्ला. हा आबांकडे बघत राहिला, अर्धा लाडू हातात तसाच. शेवटचा माणूस बाद झाला तेव्हा त्याला लाडवाची आठवण झाली. बगळे जिंकले. झालं, बापूंनी ठरवून टाकलं की लाडवामुळे जिंकलो. तेव्हापासून आबा आले की आमची सगळी मराठी माणसं जोडीजोडीने एक लाडू घ्यायची. एकाने अर्धा तेव्हाच खायचा, दुसऱ्याने आपला अर्धा शेवटचा माणूस बाद होईपर्यंत हातात धरायचा. बापूंची जोडी दर वेळी वेगळी असायची. या दोघांची मात्र कधी बदलली नाही. आबांनाही हे माहीत होतं. लांबून टोपीला हात लावायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, मॅच चालू असताना पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे पाहुणा, कधी येईल सांगत नाही आणि चहाला थांबत नाही. मैदानावर ताडपत्री ओढली, लोक गाड्यांकडे पळाले. स्टॉलचं छत एका बाजूने झुकायला लागलं, तर प्रसन्न त्याचा खांब धरून उभा राहिला. अर्धा आत, अर्धा पावसात. पर्णिकाने त्याला चहा दिला, पण हात मोकळा नव्हता, म्हणून कप तिलाच धरायला लागला. मी पाठ करून बरण्या पुसत होते. एकच बरणी पुसत होते, खरं सांगायचं तर.

तो तिला सांगत होता की या खेळात घरून निघायचं, तीन ठिकाणी थांबायचं आणि पुन्हा घरी पोचायचं. पोचलं तरच एक धाव. मध्येच राहिलं तर कितीही धावलेलं असो, मोजत नाहीत.

ती म्हणाली, "मग तू कुठवर आलास?"

तू. तुम्हीचं तू कधी झालं हे मला कळलंच नव्हतं.

"थांबलोय," तो म्हणाला. "इशारा मिळाला की पळणार."

"इशारा कोण देतं?"

त्याने तिच्या हातातल्या कपातून एक घोट घेतला. बाहेर पाऊस थांबला होता... खांब सोडायला हरकत नव्हती. त्याने सोडला नाही.

पुसत असलेली बरणी मी आपटून ठेवली. आनंदाने नव्हे. नात जाणार म्हणून. ज्या घरात संध्याकाळी दार उघडून "आजी, आय ॲम सो हंग्री" म्हणणारं कोणी असतं, तिथल्या बाईला विचारा.

त्याच आठवड्यात सुचित्रा आली, माझी मैत्रीण, लग्नं जमवायची तिला भारी हौस. दुपारी खानावळीत बसून विचारायला लागली, पर्णिकाचं काय करतेस, तो एसीवाला मुलगा गोड आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर प्रसन्न, सुट्टीला यायचा तसा, जेवत होता. पाठमोरा. मला दिसत होता. तरी मी म्हटलं, "गोड असेल. सहा जणांच्या खोलीत राहतो. माझ्या नातीने काय वरच्या बंकवर झोपायचं?"

आवाज खाली केला नाही. करता आला असता. प्रसन्नने उरलेला भात संपवला, ताट नेहमीसारखं मोरीत ठेवलं, मला "येतो काकी" म्हणाला आणि गेला.

आणि त्याच शुक्रवारी बातमी आली. बगळ्यांच्या मालकांनी आबा अबुधाबीच्या संघाला देऊन टाकले आणि त्यांच्याकडून रेहान नावाचा बावीस वर्षांचा पोरगा घेतला. या खेळात म्हणे असं चालतं, दोन संघ आपापसात माणसं बदलतात, माणसाला विचारत नाहीत. आबांनी मात्र सांगितलं, मी आता तंबू बदलत नाही, उद्याची मॅच बगळ्यांकडूनच खेळून घरी जातो.

आमच्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. बापूंनी लिहिलं की मालकाला माणुसकी नाही. कोणी लिहिलं, आबांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, हेही बघा, तर त्याला तिघांनी मिळून झोडपलं. एकाने रेहानचा फोटो टाकून विचारलं, याला मिशी तरी फुटली आहे का. पर्णिका संध्याकाळभर फोन घेऊन सोफ्यावर, डोळे लाल. मी म्हटलं, परक्या माणसासाठी एवढं? ती म्हणाली, "ही वॉज अवर्स, आजी." प्रसन्नने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

बापूंनी ठरवलं की आबांचा रीतसर सत्कार करायचा. शाल आणि श्रीफळ. शेवटची मॅच जिंकली, लाडू खाल्ले, आणि मग कुंपणापाशी आबांना बोलावून बापूंनी भर दुपारच्या उन्हात त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली. नारळ पर्णिकाच्या हातून. आता आबांना चाहत्यांनी काहीही पुढे केलं की सही करायची एवढंच ठाऊक. त्यांनी खिशातून पेन काढलं, नारळाची शेंडी बाजूला केली, झोकात सही केली आणि नारळ पर्णिकाला परत दिला. बापूंचं भाषण घशातच राहिलं. सगळे हसून बेजार. आबाही हसले, मग प्रसन्नच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले की तुझ्या बायकोला सांभाळ, दोन वर्षं मी तुम्हाला एका लाडवावर बघतोय.

हसणं थांबलं. पर्णिका खाली बघत होती, पण ओठांच्या कडेला हसू होतं. तिथे मी होते, बापू होते, सुचित्रा होती. प्रसन्नने माझ्याकडे पाहिलं. नेमकं माझ्याकडेच. आणि म्हणाला, "नो, नो, सर. शी इज नोबडी. जस्ट... फूड स्टॉल."

आबांनी माफी मागितली. पर्णिका स्टॉलवर आली, मसाल्यांच्या डब्यामागे तो चेंडू असायचा, तर्रीने अजून लालसर, तो घेतला, आणि जाऊन त्याच्या हातात ठेवला. "घ्या तुमचा चेंडू. मॅच संपली."

तू पुन्हा तुम्ही झालं होतं.

पुढच्या आठवड्यात प्रसन्न रुवैसला गेला. अबुधाबीच्याही पलीकडे, बसने अर्धा दिवस. निरोप घ्यायला आला नाही. सही केलेला नारळ पर्णिकाने फ्रिजवर ठेवला आणि त्याच्याकडे बघायचं टाळायला लागली, त्यामुळे तिला पाणी हवं असलं तरी मलाच उठायला लागायचं. संध्याकाळी दार उघडायचं, पण "हंग्री" कोणी म्हणायचं नाही. माझी नात माझ्याजवळ राहिली होती, मला हवी होती तशी. आणि घरात बोलायला कोणी नव्हतं.

मी त्याला तीन आठवडे मनातल्या मनात शिव्या दिल्या. चौथ्या आठवड्यात जेवणाचा हिशेब चुकता करताना बापू सहज बोलून गेले. त्यांना वाटलं, मला माहीत असेल. रुवैसला कोणी राजीखुशीने जात नाही, प्रसन्नने मात्र गॅरेजच्या कंपनीकडून मागून घेतली तिथली फोरमनची बदली. तिथे फोरमनला कंपनी स्वतंत्र घर देते. छोटं, पण आपलं दार, आपली किल्ली.

मी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. मला भिकाजी आठवले, माझे यजमान. मी इथे यायच्या आधी सात वर्षं ते दुबईतच, देऱ्याला, आठ जणांच्या खोलीत राहिले, वरच्याच बंकवर. पत्रात कधी लिहिलं नाही. एवढंच लिहायचे, की इथे छत जवळ आहे म्हणून झोप चांगली लागते. आणि मी, त्यांची बायको, काय बोलून बसले.

बापूंना म्हटलं, त्या पोराला निरोप द्या. शनिवारी मॅच आहे, लाडू असतील. त्यापुढे काही सांगू नका.

तो शनिवार. रेहानची ही दुसरीच मॅच, मधले शनिवार त्याला नुसतं बसवून ठेवलं होतं. पहिल्या मॅचमध्ये त्याला सगळ्यांनी धुऊन काढलं होतं आणि आमची माणसं खूश झाली होती, आपलाच संघ हरला म्हणून. आठव्या डावात तो पुन्हा आला. बारीक मान, मोठी टोपी. दर चेंडूआधी हात पँटला पुसत होता. बापू मुद्दाम पाठ फिरवून बसले. बरणीत पंचवीस लाडू होते आणि कोणी उठलं नाही. लाडू आबांचा, म्हणे.

पर्णिका बराच वेळ त्या पोराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही डिडन्ट सेंड हिम अवे, आजी. त्याला बिचाऱ्यालाही कोणी विचारलं नसेल." तिने बरणी उघडली, लाडू मोडला, अर्धा तोंडात टाकला. उरलेला अर्धा हातात राहिला. तो कोणाला द्यायचा हे तिला आठवलं असावं, कारण चावायची थांबली.

"माझा आहे तो," मागून आवाज आला.

दाढी वाढलेली, बसच्या सीटच्या सुरकुत्या शर्टावर. हात पुढे केला होता. दुसऱ्या हातात चेंडू.

"आपण कोण?" पर्णिकाने विचारलं.

"कोणी नाही."

"फूड स्टॉलवर काय काम?"

"चेंडू परत द्यायला आलो. शेल्फवर ठेवला होता. आता शेल्फ आहे माझ्याकडे. एकटा बरा दिसत नाही."

"मग शोभेचं काहीतरी घ्या."

"पर्णिका... त्या दिवशी खोटं बोललो मी."

"किती?"

"सगळंच."

ती मैदानाकडे बघत होती. रेहानने एक माणूस बाद केला होता. "चाळीस लोक होते," ती म्हणाली. "तू माझ्याकडे बघितलंही नाहीस."

तू. मी बरणी पुसायला घेतली.

"तुझ्याकडे बघितलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं," तो म्हणाला. आणि मग, "चिपळूणहून निघालो. अजमान झालं, शारजा झालं, रुवैस झालं. तीन झाले."

"मग?"

"घर राहिलंय. इशारा मिळत नव्हता, म्हणून विचारायला आलो."

तिने अर्धा लाडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. "शेवटचा माणूस बाद होईपर्यंत खायचा नाही," एवढंच म्हणाली. आणि तिचा हात तिथेच राहिला, त्याच्या मुठीवर.

नववा डाव. बापू हळूच वळून बसले होते. बगळे एका धावेने पुढे, समोरचे दोघे बाद, पण तीन पळणारे तीन कोपऱ्यांवर उभे, एक फटका लागला की खलास. रेहानने हात पुसला, चेंडू टाकला. ठाक! चेंडू सरळ वर. मग वाकडा. आमच्याच दिशेने. सगळे आकाशात बघत उभे, आणि प्रसन्नने काय केलं असेल? झडप घालून मिसळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. चेंडू कुंपणाजवळ आमच्या खेळाडूने झेलला, शेवटचा माणूस बाद, मैदान ओरडलं, बापू कोणाला तरी मिठी मारून रडले, रेहान गुडघ्यांवर बसला. आणि हा आपला एका हातात अर्धा लाडू, दुसरा हात झाकणावर, आणि पर्णिका त्याच्याकडे बघून हसत होती. महिनाभर न हसलेलं सगळं एकदम.

मी हात पुसले आणि त्याला हाक मारली. तो आला. मान खाली.

"वर बघ. तू घाबरट आहेस, प्रसन्न. आणि मी तोंडाळ आहे. तू तिला 'कोणी नाही' म्हणालास ते माझ्या तोंडामुळे, हे मला माहीत आहे, आणि माझ्या नातीलाही आत्ता कळलं. माझा नवरा सात वर्षं वरच्या बंकवर झोपला. त्याच्याइतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तेव्हा बंकचं मी बोलले ते गिळून टाकते. पण तू काय करायला हवं होतंस? ताट मोरीत ठेवायच्या आधी मला उत्तर द्यायला हवं होतंस. यापुढे मी असं बोलले तर उलट बोलायचं. आणि ती रुवैसला राहील, पण शनिवारी इथे आणायची, बस बंद असली तरी. कळलं? आता तो लाडू खा, हात धू, आणि चिपळूणला आईला फोन लाव. मी बोलते."